‘घसा सोललाय, थंड दूध प्या’

थर्टीफर्स्ट जवळ आला की व्हॉट्सॲपवर एक सल्ला फिरू लागतो. जास्त झाली तर मिठाचं पाणी पिऊन उलटी काढा, उतरेल. रक्त दिसलं तर घाबरू नका, घसा सोलला असेल, आपोआप थांबतं. थंड दूध प्या, डोकं दुखलं तर ॲस्पिरिन घ्या. आणि असं रक्त पक्क्या बेवड्यांनाच पडतं.

उतरत नाही. रक्तात भिनलेली दारू उलटीतून परत येत नाही. मिठाच्या पाण्याने मात्र रक्तातलं सोडियम जिवावर बेतेल इतकं चढू शकतं.

घशाला नख लागून थुंकीत लाल रेघ येते, हे मान्य. पण ओकाऱ्यांवर ओकाऱ्या येऊन मग रक्त पडलं, तर जखम बहुधा बरीच खाली असते, अन्ननलिका जठराला मिळते तिथे. पोटाचे स्नायू आवळले जाऊन जठरातला दाब एकदम चढतो आणि तिथलं आतलं अस्तर उभं चिरतं. १९२९ मध्ये बॉस्टनच्या मॅलरी आणि वाइस या डॉक्टरांनी याचं वर्णन केलं, म्हणून ‘मॅलरी-वाइस टेअर’. त्यांचे रुग्ण दारू पिणारेच होते. बेवड्यांचा शिक्का तिथूनच बसला असावा. प्रत्यक्षात गरोदरपणातल्या जोरदार उलट्यांनी किंवा खोकल्याच्या उबळीनेही अशी चीर पडते.

‘आपोआप थांबतं’ हे मात्र बरंचसं खरं आहे, आणि म्हणूनच फसवं. दहापैकी आठ-नऊ जणांचं रक्त थांबतंही. पण रक्त चिरेतून येतंय, अल्सरमधून, की लिव्हर खराब झाल्याने फुगलेल्या शिरांतून, हे घरी बसून कोण सांगणार? ते एंडोस्कोपीतच, म्हणजे तोंडातून दुर्बीण आत घालून पाहिल्यावरच दिसतं. गरज पडली तर तिथल्या तिथे क्लिप लावता येते. शी डांबरासारखी काळी होत असेल, उभं राहताच चक्कर येत असेल, तर सकाळची वाट पाहू नये. उलटीनंतर छातीत असह्य कळ आली तर अन्ननलिका आरपार फाटलेली असू शकते. १७२४ मध्ये बोअरहाव्हे या डॉक्टरांनी एका डच ॲडमिरलचं असं मरण नोंदवलं होतं. आज ऑपरेशन करता येतं, पण त्यातही तास मोजावे लागतात.

दुधाने चीर सांधत नाही. उलट पोट भरलेलं असलं की दुर्बिणीतून नीट दिसत नाही, आणि पुन्हा उलटी होण्याची भीती वेगळीच. राहिली ॲस्पिरिन. हार्टच्या रुग्णांना ती रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून देतात, आणि इथे तर गुठळीच व्हायला हवी असते.