'चॅलेंज वोट', 'टेंडर वोट' आणि 14 टक्के : फिरत्या संदेशातला दावा मुद्द्यागणिक तपासताना

निवडणूक जाहीर झाली की एक संदेश मोबाइलवर हमखास येतो. 2019 च्या लोकसभा निवडणुकीत तो देशभर फिरला आणि तेव्हापासून नगरपालिका असो वा महापालिका, तोच मजकूर पुन्हा पुढे पाठवला जातो. मजकूर थोडक्यात असा : 'मतदान केंद्रावर गेल्यावर यादीत नाव नसेल तर आधार किंवा मतदार ओळखपत्र दाखवा, कलम 49 अ प्रमाणे चॅलेंज वोट मागा आणि मत द्या. तुमचे मत आधीच कोणी दिले असेल तर टेंडर वोट मागा. एखाद्या केंद्रावर 14 टक्क्यांपेक्षा जास्त टेंडर वोट झाले तर तिथे फेरमतदान होते. जास्तीत जास्त लोकांना पाठवा.'

पाठवणाऱ्यांचा हेतू बहुतेक वेळा चांगलाच असतो. पण यातल्या तीन दाव्यांपैकी पहिला पूर्ण चुकीचा आहे, दुसरा अर्धा खरा आणि तिसऱ्याला कायद्यात कुठेही आधार नाही. नुकसान पहिल्याने सर्वांत जास्त होते. हा संदेश वाचून निश्चिंत झालेला माणूस यादीतले नाव वेळेत तपासत नाही आणि मतदानाच्या दिवशी हात हलवत घरी परततो.

'नाव नसेल तर ओळखपत्र दाखवून मत देता येते'

येत नाही. मतदानाचा हक्क यादीतल्या नावातून येतो, ओळखपत्रातून नाही. लोकसभा-विधानसभेसाठी हे लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 च्या कलम 62 मध्ये स्पष्ट लिहिले आहे : ज्याचे नाव त्या मतदारसंघाच्या यादीत नाही, त्याला तिथे मत देता येणार नाही. महापालिकेतही तत्त्व हेच. यादीतली व्यक्ती ती हीच, एवढेच ओळखपत्राने सिद्ध होते. म्हणून तर मतदार ओळखपत्र घरी राहिले तरी आधार, पासपोर्ट, वाहन परवाना किंवा पॅन कार्डावर मत देता येते. आणि नाव नसेल तर ही सगळी कार्डे खिशात असूनही देता येत नाही.

संदेशातले 'कलम 49 अ' हे कलमच नाही. निवडणूक संचालन नियम, 1961 मध्ये 49 अ हा नियम आहे आणि त्याचा विषय मतदान यंत्राची रचना हा आहे. यादीत नसलेल्यांना मत द्यायची परवानगी त्यात नाही. शिवाय हे नियम लोकसभा-विधानसभेचे. शहरांच्या निवडणुका राज्यघटनेच्या अनुच्छेद 243 झेडए प्रमाणे राज्य निवडणूक आयोग घेतो. त्यांना मुंबईसाठी 1888 चा, इतर महापालिकांसाठी 1949 चा आणि नगरपरिषदा-नगरपंचायतींसाठी 1965 चा अधिनियम लागू होतो.

केंद्रावर 'माझे नावच उडवले' म्हणणाऱ्या अनेकांचे नाव प्रत्यक्षात उडालेले नसते, ते शेजारच्या प्रभागात गेलेले असते. राज्य निवडणूक आयोग स्वतःची वेगळी मतदार यादी तयार करत नाही. एका ठरावीक तारखेची विधानसभेची यादी घेतली जाते आणि ती प्रभागांच्या सीमांप्रमाणे फोडली जाते. जानेवारी 2026 मध्ये 29 महापालिकांच्या निवडणुका झाल्या, त्यासाठी 1 जुलै 2025 ची यादी वापरली. यादी फोडताना रस्त्याची डावी बाजू एका प्रभागात आणि उजवी दुसऱ्या प्रभागात जाते, आणि सीमेवरच्या सोसायटीची नावे चुकीच्या बाजूला पडतात. केंद्रही बदलते. लोकसभेला ज्या शाळेत मत दिले त्याच शाळेत महापालिकेला जाऊन उभे राहिलेल्या मतदाराला तिथे आपले नाव मिळत नाही, आणि मग हा संदेश आठवतो.

त्या क्षणी चॅलेंज वोट मागून वाद घालण्यात अर्थ नाही. केंद्राबाहेर राज्य निवडणूक आयोगाच्या मतदार शोध सुविधेत नाव तपासा, आणि ते मतदार ओळखपत्राच्या क्रमांकाने शोधा. नावाने शोधताना 'कुलकर्णी'तल्या एका वेलांटीचा फरकही आडवा येतो. सापडले की प्रभाग क्रमांक, यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक हे तिन्ही लिहून घ्या आणि त्या केंद्रावर जा. जानेवारी 2026 मध्ये मतदानाची वेळ सकाळी 7.30 ते सायंकाळी 5.30 होती. दुपारी दोनपर्यंत चूक लक्षात आली तर दुसऱ्या केंद्रावर पोहोचायला वेळ उरतो; पाच वाजता आली तर बहुधा नाही.

खरी दुरुस्ती त्याआधी काही आठवडे करायची असते. प्रभागनिहाय प्रारूप यादी प्रसिद्ध होते आणि हरकतींसाठी काही दिवस मिळतात. त्या हरकतीत काय होऊ शकते हे नीट समजून घ्या. विधानसभेच्या यादीत नाव आहे पण प्रभागाच्या यादीत नाही, किंवा चुकीच्या प्रभागात गेले आहे, किंवा लेखनिकाची चूक आहे, तर दुरुस्ती होते. विधानसभेच्या यादीतच नाव नसेल तर राज्य निवडणूक आयोग ते घालू शकत नाही. त्यासाठी भारत निवडणूक आयोगाकडे नवीन नावाला अर्ज क्रमांक 6 आणि पत्ता बदल किंवा दुरुस्तीला अर्ज क्रमांक 8 भरावा लागतो, आणि तोही त्या ठरावीक तारखेच्या आधी मंजूर व्हावा लागतो. डिसेंबर 2025 मध्ये अर्ज क्रमांक 6 भरणाऱ्या तरुणाचे नाव विधानसभेच्या यादीत आले असेल. जानेवारीच्या महापालिका मतदानासाठी त्याचा उपयोग नव्हता. घर बदललेल्यांनी तर वर्षातून एकदा तरी यादी बघावीच.

काही नावांपुढे दोन तारे छापलेले असतात. नाव दोनदा असण्याची शक्यता आहे, अशी ती खूण. ती दिसली म्हणजे मत गेले असे समजून परत फिरू नका. अशा मतदाराची ओळख काटेकोर तपासली जाते, दुसरीकडे मत दिलेले नाही आणि देणार नाही असे हमीपत्र घेतले जाते आणि मग मत देता येते.

'चॅलेंज वोट मागा'

चॅलेंज वोट मतदाराने मागायची गोष्टच नाही, त्यात आक्षेप त्याच्यावरच घेतला जातो. मराठीत याला आक्षेपित मत म्हणतात, आणि नावातच अर्थ आहे : यादीत नाव असलेली व्यक्ती मत द्यायला आली, पण 'ही ती व्यक्ती नव्हे' असा आक्षेप उमेदवाराच्या मतदान प्रतिनिधीने घेतला.

लोकसभा-विधानसभेच्या नियम 49 जे मध्ये पद्धत दिली आहे. प्रतिनिधीने प्रत्येक आक्षेपामागे 2 रुपये रोख केंद्राध्यक्षांकडे भरायचे. केंद्राध्यक्ष समोरच्या व्यक्तीला तोतयेगिरीच्या शिक्षेची जाणीव देतात, यादीतली नोंद पूर्ण वाचून दाखवतात, 'तुम्हीच ही व्यक्ती का' असे विचारतात, आक्षेपित मतांच्या यादीत नाव-पत्ता लिहून सही घेतात. मग लगेच तिथेच छोटी चौकशी होते. पुरावा आधी आक्षेप घेणाऱ्याकडून मागायचा असतो. आक्षेप सिद्ध झाला नाही तर ती व्यक्ती इतरांसारखेच यंत्रावर मत देते. सिद्ध झाला तर मत नाकारले जाते. उगाच त्रास देण्यासाठी आक्षेप घेतला असे दिसले तर ते 2 रुपये जप्त होतात.

नगरसेवकपदाला उभे राहणाऱ्यांनी हे आपल्या प्रतिनिधींना आदल्या रात्री शिकवावे. आक्षेप मत पडण्याआधीच घ्यावा लागतो. मतदार बाहेर पडल्यावर 'तो तो नव्हता' म्हणून काही होत नाही. म्हणून प्रतिनिधीकडे सुट्टे पैसे, यादीची प्रत आणि मृत व स्थलांतरित मतदारांवर खूण केलेली स्वतःची यादी हवी. आणि प्रतिनिधी त्याच वस्तीतला, चेहरे ओळखणारा हवा. दुसऱ्या भागातून आणून बसवलेला कार्यकर्ता कितीही निष्ठावान असला तरी या कामाला उपयोगी पडत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 174 प्रमाणे मतदानातील तोतयेगिरीला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा आहे. त्यामुळे आक्षेप खात्रीशिवाय घेऊ नये, आणि खात्री असेल तर संकोचू नये.

'मत आधीच पडले असेल तर टेंडर वोट मागा'

सांगितले तेवढे खरे आहे, आणि ते लोकांना माहीत असायलाच हवे. टेंडर वोटला मराठीत प्रदत्त मत म्हणतात. तुमच्या नावापुढे 'मतदान झाले' अशी खूण आधीच असेल आणि तुम्ही मत दिलेले नसेल, तर परत जाऊ नका. ओळखीबद्दलच्या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे दिलीत की तुम्हाला मत द्यायचा हक्क आहे.

संदेश सांगत नाही ते पुढचे. हे मत यंत्रावर घेतले जात नाही. मागे 'प्रदत्त मतपत्रिका' असा शिक्का असलेली छापील मतपत्रिका मिळते. प्रदत्त मतांच्या यादीत सही केल्यावर ती हातात येते. खुणेचा शिक्का मारून, घडी घालून ती केंद्राध्यक्षांकडे द्यायची, आणि ती वेगळ्या लिफाफ्यात जाते. बहुसदस्यीय प्रभागात, म्हणजे मुंबई सोडून इतर महापालिकांत, तुम्हाला एकापेक्षा जास्त जागांसाठी मत द्यायचे असते. तेव्हा प्रत्येक जागेचे मत नोंदवले जात आहे ना, हे तिथेच विचारून घ्या.

मतमोजणीच्या दिवशी तो लिफाफा उघडत नाहीत. प्रदत्त मते निकालात धरली जात नाहीत. हे ऐकून 'मग द्यायचे कशाला' असे वाटेल. कारण तुमच्या नावावर दुसऱ्या कोणी मत दिले, याचा दुसरा ठोस कागद तयारच होत नाही. यंत्रातले खोटे मत कोणाला गेले हे शोधता येत नाही, पण निकाल चुरशीचा असेल तर न्यायालय हा लिफाफा मागवू शकते.

चुरस किती असू शकते? 2017 च्या मुंबई महापालिका निवडणुकीत प्रभाग 220 मध्ये दोन उमेदवारांना प्रत्येकी 5,946 मते पडली आणि निकाल चिठ्ठी टाकून लावावा लागला. 2008 मध्ये राजस्थानातल्या नाथद्वारा विधानसभा मतदारसंघात काँग्रेसचे उमेदवार सी. पी. जोशी एका मताने हरले, आणि प्रदत्त मतांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथे 2011 मध्ये न्यायालयाने दाखवून दिलेली गोष्ट प्रत्येक उमेदवाराने लक्षात ठेवावी : याचिकेत ज्या तथ्यांचा उल्लेख नाही, त्यांवर नंतर पुरावा घेता येत नाही. याचा व्यावहारिक अर्थ असा की 'बऱ्याच केंद्रांवर टेंडर वोट झाले' असे मोघम लिहून भागत नाही. कोणते केंद्र, कोणता यादी भाग, कोणता अनुक्रमांक, हे हाताशी हवे. लोकसभा-विधानसभेला मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष मतांच्या हिशेबाची प्रत हजर प्रतिनिधींना देतात. त्यात किती प्रदत्त मतपत्रिका मिळाल्या, किती दिल्या, किती उरल्या हे लिहिलेले असते. महापालिकेलाही प्रतिनिधीने हा हिशेब मागून घ्यावा, आणि तो हातात आल्याशिवाय केंद्र सोडू नये.

केंद्रावरचा कर्मचारी नवखा असेल तर 'असे काही नसते, तुम्ही जा' असेही उत्तर मिळू शकते. तेव्हा आवाज न चढवता 'प्रदत्त मतपत्रिका' हा शब्द वापरून थेट केंद्राध्यक्षांकडे मागणी करा. तरी नकार आला तर वेळ लिहून ठेवा, क्षेत्रीय अधिकाऱ्याला किंवा निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात फोन करा आणि त्याच दिवशी लेखी तक्रार देऊन पोच घ्या.

'14 टक्के टेंडर वोट झाले की फेरमतदान'

असा नियम नाही. 14 नाही, 10 नाही, 50 ही नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियमात फेरमतदानाची कारणे कलम 58 आणि 58 अ मध्ये आहेत : यंत्र पळवले, नष्ट केले, त्यात फेरफार झाला, मतदान बिघडेल अशी कार्यपद्धतीतली गंभीर चूक झाली, किंवा केंद्र बळकावले गेले. टक्केवारी त्यात कुठेच येत नाही. महापालिकेत फेरमतदानाचा निर्णय राज्य निवडणूक आयोग घेतो, आणि तोही घटना पाहून.

हिशेब करून पाहिला तरी हा आकडा टिकत नाही. 900 मतदारांचे केंद्र धरा आणि मतदान 55 टक्के, म्हणजे 495 मते. त्यांचे 14 टक्के म्हणजे 69. लोकसभा-विधानसभेला एका केंद्राला सुरुवातीला मिळणाऱ्या प्रदत्त मतपत्रिका 20 असतात. एवढा साठा देणाऱ्या यंत्रणेने 69 ची अट घातली असेल, हे संभवतच नाही.

या ओळीमुळे एक घातक समज पसरतो : तोतयेगिरी फार झाली तर मतदान आपोआप रद्द होईल. आपोआप काहीही होत नाही. आक्षेप घ्यावा लागतो, सही करून प्रदत्त मत द्यावे लागते, तक्रार लेखी करावी लागते आणि निकालाला आव्हान द्यायचे तर मुदतीत द्यावे लागते. लोकसभा-विधानसभेला ही मुदत निकालापासून 45 दिवसांची आहे. महापालिकेला ती फक्त 10 दिवस आहे, मुंबईत लघुवाद न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांकडे, इतरत्र अधिनियमात ठरवलेल्या न्यायाधीशांकडे. विजयी मिरवणुका आणि पराभवाच्या बैठका यांतच त्यातला निम्मा वेळ जातो, म्हणून केंद्रनिहाय कागद मतदानाच्या रात्रीच एका फाइलमध्ये लावून ठेवावेत.