आरोपी नंबर एक, लिनक्स

आमच्या घरात काहीही बंद पडलं की पहिला संशय लिनक्सवर, म्हणजे माझ्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी जी सिस्टीम आहे तिच्यावर. गीझर गार पडला तरी बायको एकदा माझ्या कॉम्प्युटरकडे बघून घेते. त्यामुळे परवा नेट गेलं तेव्हा निकाल आधी लागला आणि तपास नंतर सुरू झाला. "माझ्या फोनवर चालतंय की, तुझंच ते काहीतरी झालं असणार." आईने मान डोलावली, विषय संपला. आता फोनवर चालतंय कारण वायफायमध्ये दम नाही हे कळलं की अँड्रॉइड गुपचूप मोबाईल डेटावर जातो, पण हे सांगायला गेलो की मी पळवाटा काढतोय असं दिसतं.

टर्मिनल, म्हणजे टाइप करून कमांड द्यायची खिडकी, उघडलं. मी टर्मिनल उघडलं की आई आपणहून टीव्हीचा आवाज कमी करते, का ते आजवर कळलेलं नाही. आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा माझा नंबर, मिळालेला होता, गूगलच्या ८.८.८.८ ला पिंग मारलं, म्हणजे 'आहेस का' अशी हाक मारली, तर उत्तर खणखणीत. म्हणजे नेट चालू! पण ब्राउझरमध्ये एक साईट उघडेल तर शपथ. साईटच्या नावाने पिंग केलं, तर 'टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन'. साईटच्या नावावरून तिचा नंबर शोधून देणारं डीएनएस, दुसरं कोण.

बायकोला समजावलं, की सोसायटीत आपण नाव सांगतो आणि वॉचमन फ्लॅट नंबर सांगतो ना, तसं, १९८३ पासून नेटवर ही नोकरी डीएनएसकडे आहे, त्याआधी सगळ्या मशीनची नावं एका फाईलीत मावायची. आत्ता बिल्डिंग जागेवर आहे, वॉचमन झोपलाय. "मग उठव त्याला." बरोबर आहे, पण वॉचमन नेट कंपनीचा.

डिग नावाच्या, डीएनएसला पत्ता विचारायच्या कमांडने राउटरला एका साईटचा पत्ता विचारला, टाइम आउट. तोच पत्ता १.१.१.१ ला, म्हणजे क्लाउडफ्लेअरच्या सगळ्यांसाठी खुल्या डीएनएसला विचारला, पटकन उत्तर. स्क्रीनशॉट काढून ठेवला, वेळेसकट, आणि नेट कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावला. एका मुलीने उचलला.

"सर, स्टार्ट बटनवर क्लिक करा."

"स्टार्ट बटन नाहीये."

"लॅपटॉप चालू आहे ना सर?"

"डेस्कटॉप आहे, लिनक्स आहे."

"सर, लिनक्स आपण सपोर्ट नाही करत." हे ऐकताना त्यांच्याच राउटरचं मॅन्युअल माझ्या हातात, शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिनक्स ज्या परवान्याखाली मिळतं त्या जीपीएल लायसन्सची नोटीस, म्हणजे त्या डबड्याच्या आत बहुधा लिनक्सच बसलंय. सांगितलं नाही, तिचा काय दोष. राउटर बंद करून चालू केला, कंप्लेंट नंबर घेतला, आणि माझ्यापुरतं एनएमसीएलआय या नेटवर्क सेटिंगच्या कमांडने डीएनएस म्हणून १.१.१.१ टाकून कामाला लागलो.

दुपारी बायकोच्या फोनवर मेसेज आला, आजचा दीड जीबी संपला. टीव्हीवरची सिरीयल गोल गोल फिरतेय, आईचं व्हॉट्सॲप गप्प. अख्ख्या घरात नेट फक्त आरोपीकडे. दोघी माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या, आणि खरं सांगतो, इतकी वर्षं लिनक्स वापरल्याचं सार्थक झालं.

टेक्निशियन "सर पातलीपाड्याला अडकलोय" करत करत संध्याकाळी उगवला. ठाण्याच्या घोडबंदर रोडचं ट्रॅफिक, त्याला काय बोलणार. आल्या आल्या राउटर बघितला, "लाल लाईट नाही, आमच्याकडून क्लिअर आहे." मग माझी स्क्रीन बघितली. "विंडोज टाकून घ्या ना सर."

म्हटलं, दादा, तुमचा फोन आमच्या वायफायला जोडा आणि मोबाईल डेटा बंद करा. जोडला. त्याच्याही फोनवर गोल गोल. मग त्याने कुणाला तरी फोन लावला, खिडकीत जाऊन हळू आवाजात बोलला, परत येऊन राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएस बदलला. सगळं चालू.

तो लिफ्टमध्ये शिरतोय तोवर एसएमएस आला, आईने मोठ्याने वाचला. "आपली तक्रार सोडवली आहे. कारण, ग्राहकाच्या उपकरणातील बिघाड." बायकोने नुसतं माझ्याकडे बघितलं.

खाली रेटिंग मागितलं होतं. पाचही स्टार देऊन टाकले, बिचारा परत घोडबंदरलाच अडकला असणार.