आईच्या कालनिर्णयावरचे नव्वद दिवस

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर एकच विषय चाललाय. बडोद्याच्या मावसभावाचा युरोपचा व्हिसा नाकारला. तिसऱ्यांदा निघाला होता, आधी दोन्ही वेळा वेळेत परत आलेला. फी गेली ती गेलीच, ती परत मिळत नाही. दांडिया बाजारातल्या काकांनी लगेच निकाल दिला, "गोऱ्यांना पण अमदावादला लाइनीत उभे करा, खाऊ दे धक्के." अलकापुरीतल्या आत्यानं उलट टोलवलं, "आपलेच लोक जाऊन परत येत नाहीत, ते तरी काय करतील?" दोघांनाही सारखेच अंगठे मिळाले. जर्मनीत श्टुटगार्टला चौदा वर्षं काढलेल्या मला दोघांचंही अर्धं अर्धं पटतं, आणि ग्रुपवर हे बोलायची सोय नाही.

काका चिडतात ते उगाच नाही. आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात. दर हिवाळ्यात भारतात जातात. मागे बडोद्याला माझ्या आईकडे चार दिवस राहिल्या आणि शेव-उसळीच्या तर्रीनं नाक-डोळे पुसत परत आल्या. त्यांचा ई-व्हिसा आम्ही माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून भरला. फोटो, पासपोर्टचं पान, कार्डावरून फी, संपलं. अट एवढीच की सलग ९० दिवसांहून जास्त राहायचं नाही आणि कॅलेंडर वर्षात एकूण १८० च्या पुढे जायचं नाही.

आणि आई? पहाटे पाचला टॅक्सी, एक्सप्रेस हायवेनं अहमदाबादचं व्हिसा केंद्र. बँकेचे कागद, ३० हजार युरोचा प्रवास विमा, ९० युरो फी, शिवाय बोटांचे ठसे. तिच्या बोटांवर रेषा म्हणाव्यात अशा उरलेल्याच नाहीत. काउंटरवरचा मुलगा "बा, जोरथी दबावो" म्हणत राहिला आणि ती पदराला बोटं पुसत राहिली. इकडे मी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन हमीपत्र केलं की हिचा सगळा खर्च माझ्यावर. आई माझी जबाबदारी आहे हे २९ युरो भरून जर्मन सरकारला लिहून दिलं. राग येतोच.

पण 'त्यांनाही तसंच करा' हे आपण करून पाहिलेलं आहे. २००९ मध्ये, मुंबई हल्ल्याआधी इथे येऊन टेहळणी करून गेलेल्या हेडलीच्या प्रकरणानंतर, भारतानं पर्यटक व्हिसावर नियम घातला होता, की एकदा देशाबाहेर पडलात की दोन महिने परत यायचं नाही. नेपाळ-श्रीलंका फिरून पुन्हा दिल्लीहून घरी जाणारे साधे प्रवासी त्यात अडकले आणि परदेशी पासपोर्ट घेतलेले आपलेच लोकही अडकले. २०१२ च्या अखेरीस काही देशांचे नागरिक वगळता तो मागे घेतला. गोऱ्यांना धडा मिळाल्याचं तेव्हा कुणाच्या ऐकिवात नाही.

आत्याचं म्हणणं मी ग्रुपवर खोडणार नाही. २०२२ च्या जानेवारीत गुजरातमधल्या डिंगुचा गावचं एक कुटुंब चोरून अमेरिकेत शिरताना कॅनडा-अमेरिका सीमेवर बर्फात गोठून गेलं. गुजरातच्या पत्त्यावरचा अर्ज उघडणाऱ्या माणसाच्या मनात ते नसेल असं कसं म्हणू? पण ज्यानं दोनदा येऊन-जाऊन दाखवलं त्यानंही त्याची किंमत का मोजावी?

नव्वद दिवसांच्या नियमाबद्दल मात्र माझी तक्रार नाही. शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. ही खिडकी रोज एक दिवस पुढे सरकते, जुने दिवस मागून गळत जातात. आईला पाच वर्षांचा व्हिसा मिळाला तेव्हा बाबाजीपुऱ्यात बातमी पसरली की ही आता पाच वर्षं तिकडेच. वास्तविक पाच वर्षं फक्त येण्या-जाण्याची मुभा; दिवस तेवढेच.

ते दिवस आई कालनिर्णयावर मोजते. चतुर्थ्या बघायला म्हणून ती कालनिर्णय बॅगेतून घेऊन येते. बडोद्याला त्या चौकोनांत दुधाचा हिशोब असतो, इथे आली की त्याच जागी एक, दोन, तीन. एका खेपेला ती २ एप्रिलला रात्री अकराला उतरली. मी दुसऱ्या दिवसापासून मोजून १ जुलैचं परतीचं तिकीट काढलं. जूनच्या मध्यावर ती पेन्सिल घेऊन माझ्यासमोर बसली. "तुझे नव्वद, माझे एक्याण्णव. आले तो दिवस कुठे गेला?" तिचंच बरोबर होतं, आल्याचा आणि गेल्याचा, दोन्ही दिवस धरतात. तिकीट बदलायला जे पैसे गेले ते मी तिला अजून सांगितलेले नाहीत.

आता एक कबुली. आमच्यासारख्या घरांत 'पर्यटक' हा शब्द जरा सैलच वापरला जातो. मुलगी लहान असताना आईचे नव्वद दिवस संपले की सासूबाई यायच्या, त्या गेल्या की पुन्हा आई. हॉस्पिटलातल्या नर्सच्या पाळ्यांसारखं. दोघींनी ब्लॅक फॉरेस्ट पाहिलं ते एकेका रविवारी. मार्च २०२४ पासून जर्मनीनं कुशल कामगारांना आई-वडिलांना कायमचं आणायची वाट उघडली, पण ती त्यानंतर पहिला परवाना मिळालेल्यांसाठी. मी आधी आले, म्हणून बाहेर.

मावसभावाच्या नकारपत्रात छापील कारणांच्या यादीतल्या एका चौकटीवर खूण आहे. परत जाण्याच्या त्याच्या हेतूबद्दल रास्त शंका. मला हे खुपतं. दिवस मोजता येतात, हेतू कसा मोजायचा? ब्रिटनचंही तसंच. एका खेपेला सहा महिने, खेपा किती याचा आकडा नाही, पण वारंवार येऊन इथेच राहताय असं अधिकाऱ्याला वाटलं तर दार बंद. त्यापेक्षा मला आमचा कोरडा आकडा बरा.

बडोदेकरांना हे नवं नाही. सयाजीराव महाराज १८८७ मध्ये पहिल्यांदा युरोपला गेले आणि मग जातच राहिले. १९०० मध्ये व्हाइसरॉय कर्झननं परिपत्रक काढलं, की संस्थानिकांनी परदेशी जाण्याआधी सरकारची परवानगी घ्यावी. रोख आपल्यावर आहे हे महाराजांनी ओळखलं होतं. किती दिवस चालतील हा प्रश्नच नव्हता, सगळा मर्जीचा मामला. तरी ते गेलेच, आणि १९१० मध्ये अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना ग्रंथालयं उभारायला बडोद्याला घेऊन आले.

युरोपीय आयोगानं एप्रिल २०२४ मध्ये भारतीयांसाठी पायऱ्या ठरवल्या. तीन वर्षांत दोन व्हिसा नीट वापरले की दोन वर्षांचा, मग पाच वर्षांचा. काकांना भांडायचंच असेल तर यासाठी भांडावं, की पायऱ्या चढलेल्याला 'शंका' म्हणून खाली ढकलायचं तर निदान कारण तरी लिहून द्या.

ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर येणं-जाणं यंत्रात नोंदवायला सुरुवात झाली, पासपोर्टवरचे शिक्के जाणार. आईला फोनवर सांगितलं, आता दिवस यंत्रच मोजणार, तुला कालनिर्णय आणायला नको.

"आले तो दिवस धरतं ना ते?" ती म्हणाली.