नवोदयच्या यादीत नाव नाही म्हणून मूल ढ ठरत नाही

नवोदयचा निकाल लागला आणि लगेच आमच्या घरच्या ग्रुपवर तो मेसेज येऊन पडला. पुतणीचं नाव यादीत नाही, वहिनी आधीच खचलेली, त्यात हे. मेसेजचं म्हणणं असं: अकराव्या वर्षीची एक परीक्षा मुलाची खरी बुद्धी दाखवते, हे इंग्लंडने सिद्ध केलंय, तिथल्या ग्रामर स्कूलनी (म्हणजे परीक्षेने मुलं निवडून घेणाऱ्या सरकारी शाळांनी) गरिबांची मुलं वर आणली, डाव्यांनी त्या शाळा बंद पाडल्या, नवोदय त्याच धर्तीवर आहे, म्हणून नंबर लागला नसेल तर मुलाला पुन्हा पाचवीत बसवा.

बुद्धीचं आधी बघू. १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर तिकडे ‘इलेव्हन प्लस’, म्हणजे अकराव्या वर्षीची ही निवड परीक्षा, सर्रास घेतली जाऊ लागली. पण पास कोण, हे ठरायचं जागांवरून. कुठे दहा-बारा टक्के मुलांना ग्रामर स्कूल मिळायचं, कुठे चाळीस टक्क्यांच्या वर. म्हणजे घर कुठे आहे, त्यावर मूल हुशार की नापास! मुलींवर तर उघड अन्याय झाला. त्यांना सरासरीने मार्क जास्त पडत, पण जागा कमी. म्हणून बऱ्याच ठिकाणी त्यांची यादी वेगळी लावून कटऑफ वर नेला. जास्त मार्कांची मुलगी बाहेर, कमी मार्कांचा मुलगा आत. हीच परीक्षा असलेल्या उत्तर आयर्लंडमध्ये हा भेदभाव आहे असं कोर्टाने सांगायला १९८८ उजाडलं. हिला बुद्धीची परीक्षा म्हणायचं?

गरिबांची मुलं वर आली, हे काही अंशी खरं, ते मान्य करावं लागेल. पुढे पंतप्रधान झालेली मार्गारेट थॅचर किराणा दुकानदाराची मुलगी, ग्रामर स्कूलमध्येच शिकलेली. पण १९५४ चा तिथला सरकारी अहवाल सांगतो की ग्रामर स्कूलमध्ये गेलेल्या अकुशल आणि अर्धकुशल कामगारांच्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त जणांचे सोळाव्या वर्षीच्या ‘ओ लेव्हल’ परीक्षेत तीन विषयसुद्धा सुटले नाहीत. कित्येकांनी त्याआधीच शाळा सोडली.

आणि डाव्यांनी बंद पाडल्या? धोरण डाव्या मजूर पक्षाचं, १९६५ चं. पण उजव्या हुजूर पक्षाच्या थॅचरबाई १९७० ते ७४ शिक्षणमंत्री होत्या, तेव्हा त्यांच्याच सहीने शेकडो शाळांची निवड पद्धत गेली.

नवोदयची गोष्ट वेगळी. पहिल्या दोन शाळा १९८५-८६ मध्ये निघाल्या, एक हरियाणात झज्जरला आणि एक आपल्या अमरावतीला. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना, किमान एक तृतीयांश मुलींना. मात्र एका शाळेत सहावीला जागा साधारण ऐंशीच. एक्क्याऐंशीवं मूल काही ढ नसतं, जागा संपलेली असते.

सगळ्यात घातक आहे तो शेवटचा सल्ला. नवोदयची निवड चाचणी एकदाच देता येते, दुसऱ्यांदा बसता येत नाही. माहितीपत्रकात पात्रतेखाली हे स्पष्ट छापलेलं असतं. हा मेसेज ऐकून पाचवी पुन्हा करणाऱ्या मुलाचा फॉर्म बाद होणार आणि वर्ष फुकट जाणार. ज्यांनी तो पुढे पाठवलाय त्यांनी आजच त्याच ग्रुपवर हा नियम टाकावा. आमची पुतणी सहावीला गावच्या हायस्कूलमध्ये जाणार आहे.