‘सी येतं, मग असेम्ब्ली कशाला बघायची?’ या सल्ल्याला उत्तर

“सी म्हणजे पोर्टेबल असेम्ब्लीच. सीच्या एका ओळीच्या जागी ठरलेली इन्स्ट्रक्शन्स बसतात. कंपायलर आपल्यापेक्षा हुशार आहे, त्यामुळे त्यानं काय केलं ते बघणं म्हणजे वेळ घालवणं. बघायचंच असेल तर ओळी मोजा, जितक्या कमी तितका कोड वेगवान. आणि असेम्ब्ली वाचायची तर प्रोसेसरचं अख्खं मॅन्युअल पाठ लागतं.” अशा अर्थाचा सल्ला इंजिनीअरिंगच्या मुलांमध्ये सर्रास फिरतो. (सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा. कंपायलर तिचं प्रोसेसरच्या इन्स्ट्रक्शन्समध्ये, म्हणजे आज्ञांमध्ये, रूपांतर करतो आणि त्या आज्ञांचं वाचता येणारं रूप म्हणजे असेम्ब्ली.) मी मायक्रोकंट्रोलरसाठी, म्हणजे उपकरणांमधल्या छोट्या संगणक-चिपसाठी, सी लिहितो आणि नव्यानं कामाला लागलेल्यांना शिकवतो. हा सल्ला मनात घट्ट धरून आलेली मुलं मला दर वर्षी भेटतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा, ओळीला ओळ. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये पीडीपी-११ या संगणकासाठी सी घडवली, तेव्हा हे बऱ्याच अंशी खरं होतं. आजही ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करण्यासाठी कंपायलर करतो ते बदल) बंद ठेवलं तर तसंच दिसतं. पण ० पासून ‘एन’च्या आधीपर्यंतच्या आकड्यांची बेरीज करणारा साधा लूप क्लँग या कंपायलरला ऑप्टिमायझेशनच्या ओ-टू पातळीवर द्या आणि शेजारी असेम्ब्ली उघडा. लूप तिथे नसतोच! शाळेत शिकलेलं बेरजेचं सूत्र कंपायलरनं ओळखलेलं असतं. उरतो एक गुणाकार, एक शिफ्ट (बिट सरकवणं) आणि थोडी बेरीज-वजाबाकी. मॅट गॉडबोल्ट यांच्या २०१२ च्या कंपायलर एक्सप्लोरर या वेबसाइटवर सीची ओळ आणि तिची इन्स्ट्रक्शन्स एकाच रंगात दिसतात. ऑप्टिमायझेशन चालू केलं की एकाच ओळीचा रंग तीन-चार ठिकाणी विखुरतो आणि काही ओळींना रंगच उरत नाही. त्या बिनरंगाच्या ओळींचं काय झालं, हा प्रश्न पडला पाहिजे.

तिथूनच दुसरा मुद्दा येतो, आणि मला सगळ्यात जास्त खटकतो तो हाच. कंपायलर हुशार आहे, मान्य. पण तो भाषेच्या मानकाला बांधील असतो, आपल्या मनातल्या हेतूला नाही. २००९ साली लिनक्स कर्नलच्या, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, टन (TUN) या आभासी नेटवर्कच्या ड्रायव्हरमध्ये काय झालं ते बघा. तिथे एका पॉइंटरमधून (मेमरीतला पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलमधून) आधी किंमत वाचली होती आणि तो नल, म्हणजे कुठलाच पत्ता नसलेला, आहे का, हे खालच्या ओळीत तपासलं होतं. जीसीसी या कंपायलरचा हिशेब सरळ होता: पॉइंटर वापरून झालाय, नल पॉइंटर वापरणं मानकाला मान्य नाही, म्हणजे तो नल नसणारच. तपासणी उडाली आणि कर्नलमध्ये शिरायला वाट मिळाली. चूक मुळात सीमधलीच, क्रमाची. पण सी वाचणाऱ्याला तपासणी समोर दिसत होती, असेम्ब्लीत मात्र ती नव्हती. पुढे अशी तपासणी काढू नये म्हणून कर्नल वेगळा पर्याय देऊन कंपाइल होऊ लागला.

पासवर्ड वापरून झाल्यावर मेमसेट या फंक्शननं मेमरीतली ती जागा पुसतात, तिथेही हाच धोका आहे. ती जागा पुन्हा कोणी वाचत नसेल तर कंपायलर पुसण्याचं कामच वगळू शकतो. म्हणून तर ग्लिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीला २०१७ मध्ये एक्सप्लिसिट-बीझीरो हे वेगळं फंक्शन द्यावं लागलं.

माझ्या टेबलावर सर्वांत जास्त वेळा येणारी तक्रार अशी: “सर, डीबग बिल्ड चालतं, रिलीज बिल्ड अडकतं.” डीबग बिल्डमध्ये ऑप्टिमायझेशन बंद असतं, रिलीजमध्ये चालू. इंटरप्टमध्ये (बाहेरची घटना घडली की मध्येच चालणाऱ्या कोडमध्ये) एक फ्लॅग बदलतो आणि मुख्य लूप त्याची वाट बघतो. असेम्ब्ली उघडली की फ्लॅग एकदाच वाचलेला दिसतो आणि पुढे स्वतःवरच उडी मारणारं एक इन्स्ट्रक्शन. ‘ही किंमत दर वेळी मेमरीतून वाच’ असं कंपायलरला सांगणारं व्होलाटाइल राहून गेलेलं असतं. ज्या मुलानं दोन दिवस सीकडे टक लावून बघितलेलं असतं, त्याला ही उडी दाखवली की पुढचं सांगावं लागत नाही.

ओळी मोजण्याबद्दल. बिनचिन्ह ३२ बिटी संख्येला १० ने भागायचं, तर कंपायलर भागाकाराचं इन्स्ट्रक्शन सहसा टाळतो. तो ३४३५९७३८३७ ने गुणतो आणि उत्तर ३५ बिट उजवीकडे सरकवतो. हा आकडा कुठून आला? २ चा ३५ वा घात ३४३५९७३८३६८. त्याला १० ने भागून वरचा पूर्णांक घेतला की हाच येतो. किती सुंदर आहे हे! इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरवर भागाकाराला साधारण २६ सायकल (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके) लागतात, गुणाकाराला ३-४. म्हणजे ओळी वाढल्या आणि वेळ घटला. मेमरीची वाट बघण्यात गेलेला वेळ तर ओळींत दिसतच नाही, तो प्रोफाइलर या वेळ मोजणाऱ्या साधनानं मोजावा लागतो.

राहिलं मॅन्युअल. ते संदर्भासाठी आहे, पाठांतरासाठी नाही. मूव्ह, एलईए, बेरीज-वजाबाकी, तुलना, उड्या, कॉल आणि रिटर्न एवढं ओळखता आलं की सुरुवात होते. इंटेल-एएमडी प्रोसेसरच्या ६४ बिटी लिनक्सवर पहिले दोन पूर्णांक आर्ग्युमेंट आरडीआय आणि आरएसआय या रजिस्टर्समधून (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवणीच्या जागांमधून) येतात, उत्तर आरएएक्समधून जातं, एवढं जोडीला ठेवा. मग दोन इंट घेऊन बेरीज परत करणारं फंक्शन लिहा आणि जीसीसीनं ओ-झिरोवर, म्हणजे ऑप्टिमायझेशन बंद ठेवून, कंपाइल करा. नऊ-दहा इन्स्ट्रक्शन्स मिळतील: आर्ग्युमेंट स्टॅकवर ठेवली, पुन्हा उचलली, मग बेरीज. आता तेच ओ-टूवर करा. दोनच उरतील, एक एलईए आणि एक रिटर्न. एलईए हे खरं तर पत्ता काढायचं इन्स्ट्रक्शन, मग ते बेरजेला का वापरलं असेल, याचा विचार आज संध्याकाळी करून बघा.