बोट बेअर, गिऱ्हाईक नागवं

सुट्टीसाठी कप्तान-खलाशांशिवाय भाड्याने दिल्या जाणाऱ्या बोटीला ‘बेअरबोट’ म्हणतात, पण या शब्दाचा अर्थ जाहिरातीत कधी ठळक नसतो. ठळक असतं ते निळंशार पाणी, पांढरी वाळू आणि वरच्या डेकवर लोळणारं कुटुंब. कप्तान नाही, खलाशी नाही, डिझेल भाड्यात नाही, बोट ठोकली तर भरपाई तुमची, हे सगळं करारात कुठेतरी मागे मुंगीच्या अक्षरात. विकताना तरंगता बंगला म्हणून विकायची आणि सही घेताना गिऱ्हाइकाला जहाजाचा कप्तान करून टाकायचं, असा हा धंदा आहे.

आधी दिवसांचा हिशोब बघा. भाडं आठवड्याचं, पण बोट हातात येते दुपारी. सामान चढवा, कागद भरा, नकाशावरची माहिती ऐका, बोटीची माहिती ऐका, यात चार वाजतात. त्या अक्षांशांवर सूर्य सहा-साडेसहाला जातो आणि मग पडदा पाडल्यासारखा अंधार होतो. रात्री बोट चालवायला बहुतेक करारांत बंदीच असते. ऑस्ट्रेलियातल्या व्हिटसंडे बेटांत तर दुपारी चारच्या सुमाराला नांगर पडलेला हवा असा दंडक. म्हणजे पहिला दिवस गेला धक्क्याला बांधूनच. शेवटच्या दिवशी सकाळीच बोट परत, तीही टाकी भरून, आणि त्याच सकाळी परतणाऱ्या सगळ्या बोटी त्याच एका पंपावर रांगेत. त्यामुळे शेवटची रात्रसुद्धा जवळपासच्याच एखाद्या खाडीत काढावी लागते. पैसे मात्र अख्ख्या सात दिवसांचे.

आणि मग तो ताबा द्यायचा कार्यक्रम! ४५ फुटांची बोट, दोन इंजिनं, जनरेटर, बॅटऱ्यांचे दोन-तीन संच, तीन-चार संडास, आणि हे सगळं समजावायला पाऊण तास. त्यातली पंधरा मिनिटं स्पीकर आणि टीव्ही कसा लावायचा यात जातात. जे सांगायला हवं ते राहूनच जातं. खोली दाखवणारं यंत्र घ्या. पडद्यावर २.० दिसतंय. हे २.० कुठून मोजलेलं? पाण्याच्या पृष्ठभागापासून, सेन्सरपासून, की बोटीच्या सगळ्यात खालच्या भागापासून? एक-दीड मीटरचा फरक पडतो यात, आणि प्रवाळावर बोट ढकलणारा पंखा वाचतो की मोडतो ते त्या फरकावरच ठरतं. आकडा मीटरमध्ये आहे की फुटांत, तेही विचारून घ्यावं लागतं. विचारलं की उत्तर येतं, ‘बहुतेक किलच्या (तळाच्या कण्याच्या) खालचं असावं.’ बहुतेक! अहो, तुमची बोट, तुमचं यंत्र, आणि बहुतेक? दोरीला वजन बांधून धक्क्यालाच खोली मोजा आणि पडद्यावरच्या आकड्याशी ताडून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. पण ते गिऱ्हाइकानेच करायचं.

नांगर उचलायच्या विंचचा ब्रेकर कुठे आहे, हेही कुणी आपणहून दाखवत नाही. ते यंत्र चांगलं शंभरेक अँपिअर खातं. ते इंजिन चालू ठेवूनच वापरायचं, आणि त्याच्या जोरावर बोट ओढायची नाही. इंजिनाने हळूहळू नांगराकडे जायचं आणि जी साखळी ढिली पडेल तेवढीच वर घ्यायची. हे न सांगितल्यावर माणूस बटण दाबून धरतो, ब्रेकर पडतो, आणि तो सापडतो पुढच्या केबिनमधल्या कपाटामागे. वारा वाढलाय, शेजारची बोट अंगावर येतेय, आणि तुम्ही टॉवेल उपसत बसलाय.

साखळीवरच्या खुणांची तर बोंबच असते. दर पाच-दहा मीटरला रंगाचे पट्टे हवेत, ते घासून कधीच गेलेले. मोजणारा काउंटर असला तर बंद. मग किती साखळी सोडली हे कळणार कसं? हिशोब सोपा आहे: पाण्याची खोली, अधिक पाण्यापासून बोटीच्या टोकाची उंची, अधिक भरतीने चढणारं पाणी, आणि त्याच्या किमान पाचपट साखळी. पाच मीटर पाणी, दीड मीटर टोक, एक मीटर भरती म्हणजे साडेसात. साडेसदतीस मीटर साखळी हवी. वारा असेल तर सातपट. भरतीचा आकडाही सगळीकडे सारखा नसतो. कॅरिबियनमधल्या ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समध्ये पाणी अर्धा मीटरही चढत नाही, व्हिटसंडेत उधाणाला तीन मीटरच्या वर चढतं. तिथे ओहोटीच्या वेळी पाहिलेल्या खोलीवर हिशोब करून झोपलात तर रात्री नांगर सुटलाच म्हणून समजा. आणि साखळी सोडून झाल्यावर दोन्ही इंजिनं रिव्हर्समध्ये घेऊन हळूहळू जोर देत नांगर वाळूत रुतवायचा असतो. दहा मीटर साखळीचा ढीग तळावर ओतून लगेच पाण्यात उड्या मारणारे जे बहाद्दर असतात ना, त्यांच्यामुळे अख्ख्या खाडीची झोप उडते. पण अशांना बोट दिली कोणी? अनुभवाचा एक फॉर्म भरून घेतात, त्यात वीस फुटी बोट चालवली असं लिहिलं तरी ४५ फुटी देतात. फारच शंका आली तर दिवसभरासाठी कप्तान गळ्यात मारतात. त्याचा पगार आणि जेवण अर्थात तुमच्याकडून.

डिझेल. इथे तर सरळ शेंडी लावतात. ‘बोटीचा वेग २० नॉट’ (तासाला २० सागरी मैल) असं पत्रकात छापलेलं असतं, त्या २० नॉटला किती प्यायला लागतं ते छापलेलं नसतं. डिझेल इंजिनाचा मोघम हिशोब असा, की एक लिटर जाळलं की पाचेक अश्वशक्ती तासभर मिळते. तीनशे-तीनशे अश्वशक्तीची दोन इंजिनं पूर्ण ताकदीने पळवली तर तासाला १२० लिटरच्या आसपास. थोडं मागे घेऊन १८ नॉटला धावलात तरी ८० च्या घरात. तीच बोट साडेसात नॉटला रमतगमत नेली तर तासाला पंधराएक लिटरमध्ये भागतं. कारण पाणरेषेवरच्या फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ गुणिले १.३४ एवढ्या नॉटपर्यंतच बोट पाणी कापत सहज जाते. ३६ फुटांना आठ नॉट. त्याच्या वर गेलं की ती स्वतःच्याच लाटेवर चढायला बघते आणि डिझेलचा धूर होतो. सगळ्यात वाईट १० ते १३ नॉट: बोट ना पूर्ण वर येते ना खाली राहते, नाक वर करून समुद्र नांगरत जाते. वीस सागरी मैल जायचे तर १८ नॉटला ९० लिटर, साडेसातला ४० लिटर. हा साधा तक्ता चालकाच्या सीटसमोर चिकटवायला काय जातं यांचं? काहीच नाही. चिकटवत नाहीत, कारण पंपावर भरताना खिसा गिऱ्हाइकाचा कापला जातो. वर रात्रभर एसी चालवायला जनरेटर, त्याचे तासाला दोन-चार लिटर वेगळे, आणि काही ठिकाणी मीटरवरच्या तासांप्रमाणे भाडंही वेगळं.

आता ती गोष्ट, जिच्यावरून सगळ्यात जास्त डिपॉझिटं खातात असा माझा दाट संशय आहे: यंत्रं गार करायला आत ओढलेल्या समुद्राच्या पाण्याची गाळणी. प्रत्येक इंजिनाला एक, जनरेटरला एक, एसीला एक. पारदर्शक झाकणाखाली जाळीची टोपली. कॅरिबियनमध्ये सार्गासम या समुद्री शेवाळाचे तपकिरी तांडे वाहत येतात, बोट त्यातून गेली की टोपली गच्च. एसी गार हवा टाकायचा थांबतो, इंजिनाचा अलार्म कोकलतो. मग इंजिन बंद करायचं. गाळणीच्या खालचा सीकॉक (समुद्राचं पाणी आत घेणारा नळ) बंद करायचा. त्याचा दांडा नळीच्या रेषेत असला तर उघडा, आडवा असला तर बंद. झाकण काढायचं, टोपली उपसून धुवायची, झाकणाचं रबरी कडं खाचेत नीट बसलंय ना ते बोट फिरवून बघायचं आणि झाकण आवळायचं. आणि मग सीकॉक उघडायचा. उघडायचा! घामाने डोळे चुरचुरतायत, वरून पोरं ‘झालं का’ विचारतायत, अशात हीच पायरी विसरते. पाणी ओढणारा रबरी इम्पेलर पाण्यावरच गुळगुळीत फिरतो. कोरडा फिरला की मिनिट-दोन मिनिटांत पाती फाटतात आणि तुकडे इंजिन गार करणाऱ्या हीट एक्सचेंजरमध्ये जाऊन बसतात. म्हणून इंजिन सुरू केल्याबरोबर मागे जाऊन एक्झॉस्टमधून पाणी उडतंय का बघायचं. एक्झॉस्ट पाण्याखाली असेल तर तापमानाच्या काट्यावरून नजर हलवायची नाही. ताबा देताना हे एकदा करून दाखवायला पाच मिनिटं लागतील. ती पाच मिनिटं स्पीकरला जातात, आणि इम्पेलर जळला की कागदावर येतं ‘चालकाचा निष्काळजीपणा’.

डिंगीची (किनाऱ्यावर ये-जा करायच्या छोट्या बोटीची) दोरी पंख्यात जाणं हाही असाच ठरलेला प्रकार. मागे डिंगी ओढत नेताना दोरी लांब सोडतात, आणि नांगर टाकायला रिव्हर्स घेताना ती जवळ ओढायची राहते. नायलॉनची दोरी बुडते आणि सरळ पंख्याकडे जाते. तरंगणारी पॉलिप्रॉपिलीनची दोरी असती तर निदान दिसली असती. इतक्या महागड्या बोटीला ती लावायची अक्कल कुणालाच का नसते? डिंगीचं इंजिन दोन मिनिटं चालून बंद पडलं तर आधी पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू सैल करा. तोही सांगत नाहीत. संडासाबद्दल मात्र भिंतीवर ठसठशीत पाटी असते, कारण तो तुंबला तर उपसावा त्यांना लागतो.

आता विम्याचं नाटक. एक तर मोठं डिपॉझिट ठेवा, जे परत मिळतं म्हणतात. नाहीतर दर दिवशी ‘डॅमेज वेव्हर’ (नुकसानभरपाईतून सूट देणारा आकार) भरा, जो परत मिळत नाही. वेव्हर भरला की सुटलो असं वाटतं. डोंबलाचं सुटलो! त्यातही एक रक्कम आपल्या अंगावर राहतेच, आणि अपवादांत बहुतेक वेळा नेमके पंखे, डिंगी, तिचं इंजिन आणि हरवलेला नांगर. म्हणजे जे मोडतं ते सोडून बाकी सगळ्याचा विमा.

खरी मेख आहे ती परत घेताना. देताना पाऊण तासात उरकणारी हीच माणसं घेताना मास्क लावून पाण्यात उतरतात आणि पंख्याच्या प्रत्येक पात्यावरून हात फिरवतात. देताना कुणी उतरलं होतं का? म्हणून ताबा घेताना आपणच उतरायचं. दोन्ही पंखे, दोन्ही सुकाणू, तळाची कड, सगळ्याचे फोटो. वर येऊन इंजिनांचे आणि जनरेटरचे तासांचे मीटर, डिझेलचा काटा, डिंगीच्या पंख्याची पाती, मागच्या पायरीवरचे ओरखडे. पात्याची कड नखाने चाचपून बघा, जुना पोचा हाताला लगेच लागतो. ‘तो आधीपासूनच आहे, आम्हाला माहितेय’ असं तोंडी म्हणतील. तोंडी चालणार नाही. ‘डाव्या पंख्याच्या एका पात्याला जुना पोचा’ असं त्यांच्याच कागदावर, त्यांच्याच सहीनिशी लिहून घ्या. पेन नाही म्हणाले तर आपलं द्या.