ती क्लिप 'खरी घटना' म्हणून फॉरवर्ड करू नका

म्हाताऱ्या गोऱ्या आईला घास भरवणारी आदिवासी मुलगी, अशी एक क्लिप ग्रुपवर फिरतेय, खाली लिहिलंय 'ऑस्ट्रेलियातली खरी घटना, अनाथ मुलीला गोऱ्या बाईनं माया दिली'. तसं नाहीये. ही ऑस्ट्रेलियन दिग्दर्शिका ट्रेसी मोफॅटची १९९० ची 'नाइट क्राइज' नावाची शॉर्टफिल्म आहे, अख्खी स्टुडिओत शूट केलेली, नीट बघा, मागचं माळरानसुद्धा रंगवलेलं आहे. आणि अनाथ हा शब्द तर मनाला फार लागतो हो, कारण तिकडे १९१० ते १९७० च्या काळात सरकारनं आईबाप जिवंत असताना आदिवासी मुलं उचलून नेली, कुणाला संस्थेत टाकलं, कुणाला गोऱ्या घरात दत्तक दिलं! १९९७ च्या सरकारी चौकशी अहवालात हे सगळं आहे, आणि १३ फेब्रुवारी २००८ ला पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत माफीही मागितली. फिल्म जरूर बघा, शेअर करा, फक्त तो खालचा मजकूर काढून टाका, आणि आधी पाठवला असेल तिथे हे पण टाका प्लीज.